सोलारच्या प्लेटांवरचं हळदीकुंकू

आधी शेजारच्या खालांचं सांगते, मग बाकीचं. चष्म्याच्या दांडीला दोरा बांधून गोधड्या शिवणाऱ्या या बाई नसत्या, तर डाळीची गिरणी माझ्या हातून गेली असती.

माझं माहेर धर्माबादचं. शाळा आठवीतच सुटली. लग्न होऊन शिरूर अनंतपाळकडं आले, तेव्हा ओळखीचं कुणी न्हवतं. तरी बचत गटानं गिरणी माझ्या हवाली केली. तेव्हापासून एकच धास्ती, काही बिघडलं तर?

पूर्वी लाईटचा भरवसा न्हवता, म्हणून गावची तूर न भरडता तशीच आडतीवर, व्यापाऱ्याकडं जायची. छतावर सोलार बसलं आणि दिवसभर गिरणी चालू लागली. तूर जायची तिथं डाळ जाऊ लागली. आणखी दोघी कामाला आल्या. लातूरचा एक दुकानदार आमचीच डाळ मागू लागला.

खंडेनवमीला मी गिरणीची पूजा केली. मनात आलं, खरं काम तर वरच्या प्लेटा करतात. वर चढून प्रत्येक प्लेटेवर तेलात कालवलेल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, वर हळद. पुढं दर शुक्रवारी तेच.

महिन्याभरात भर दुपारी गिरणी कण्हू लागली, मग थांबली. दोन दिवसांत लातूरला डाळ द्यायची होती. गटाच्या अध्यक्षबाई दारातच म्हणाल्या, "उद्या मिस्त्री येईल. मोटर जळली असली तर गिरणी दुसरीच्या हातात. आठवी शिकलेलीला मशीन दिली, चुकलं आमचं."

त्या गेल्या. मी पायरीवर बसून राहिले.

खाला त्यांच्या छतावर गोधडी वाळत घालत होत्या. तिथून हाक आली, "अगं, काचेवर काय लावून ठेवलंस तू?"

"पूजा, खाला."

"पूजा? गिरणीचा सगळा भुसा बसलाय की तेलावर. उन्हाच्या डोळ्यात तेल घातलंस बाई. असं तेल घातल्यावर तुला तरी दिसंल का?"

त्या रिठ्याचं पाणी नि जुन्या धोतराचा मऊ तुकडा घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी काचा गार असतानाच दोघींनी एकेक प्लेट पुसली. ऊन वर आलं, मी बटण दाबलं. गिरणी पहिल्यासारखी फिरली. मला रडूच आलं.

मिस्त्रीला घेऊन अध्यक्षबाई आल्या. "काय झालं होतं?"

खाला म्हणाल्या, "काही न्हाई. ऊन रुसलं होतं, समजूत काढली."

डाळ वेळेवर लातूरला गेली. पुढच्या बैठकीत मीच खरं सांगितलं. बाया पोट धरून हसल्या, अध्यक्षबाईसुद्धा. गिरणी माझ्याकडंच राहिली. आता कुंकू दाराच्या चौकटीला, प्लेटांना फक्त पाणी.

खाला अजून शिलाई मशीन पायानं मारतात. संध्याकाळी गुडघे चोळत बसतात. मी ठरवलंय. एक ना एक दिवस त्यांच्या छतावर एक प्लेट बसवीन आणि मशीनला मोटर लावून देईन. ती प्लेट पुसायचं काम मात्र माझं.