मारोतरावांचा पिवळा ताप

भिलाईच्या कारखान्याची धुराडी एकेक करून उभी राहत होती, तेव्हा आमचे मारोतराव दवाखान्याच्या स्टोअरमध्ये क्लार्क होते. औषधाच्या खोक्यात गुंडाळून आलेल्या एका विलायती मासिकात त्यांनी वाचलं, की पिवळा ताप कसा पसरतो हे कळावं म्हणून क्यूबा बेटावर काही अमेरिकन सैनिकांनी स्वतःहून डास चावून घेतले. झालं! माणूस झपाटला.

"डॉक्टरांचं तर छापून आलं. त्या पोरायनं घरी काय लिहिलं, ते मले पाह्यचं आहे," म्हणाले, आणि मासिकाच्या पत्त्यावर पत्रांमागून पत्रं धाडू लागले.

दोन पावसाळ्यांनंतर उत्तर आलं. अशाच एका सैनिकाची मुलगी, क्लारा नावाची म्हातारी बाई. वडिलांनी आजीला लिहिलेली पत्रं तिच्यापाशी होती. पण तिनं लिहिलं होतं, आधी सांगा, तुमच्या गावात हा ताप आहे का? नुसत्या हौसेपायी मागणाऱ्याला मी ती देत नाही.

तो ताप आपल्या देशात नाहीच. पण कॉलनीत पिवळा ताप म्हणजे कावीळ! मारोतरावांकडे अमेरिकेचं औषध आल्याची बातमी पसरली. अंजनाबाई आपल्या नवऱ्याला, कारखान्यात अवजड सामान चढवणाऱ्या चिंधू खलाशाला, ओढतच घेऊन आली.

"बाबूजी, याचे डोये पाहा जी, हयदीवानी झाले."

"बाई, हे कावीळ होय. तो ताप वेगळा."

"पिवळा आहे ना? मंग वेगळा कावून?"

शेजारच्या सुपेला बाजारातला फोटोवाला बाबुलाल तिथंच होता. तो म्हणाला, "याचाच फोटो पाठवा ना बाईले! म्हणा, ताप आहे इथं." मी गावच्या दंडारीच्या नाटकात उभं आयुष्य सोंगं रंगवलेला, चिंधूला खाटेवर निजवून मरायची तालीम दिली. पण काळ्या-पांढऱ्या फोटोत गडी नवरदेवासारखा गोरापान आला! बाबुलालनं ब्रशनं पिवळा रंग दिला, तर मिशीसुद्धा पिवळी झाली.

मारोतरावांनी फोटो उलटा करून ठेवला. "त्या पोरायनं खरे डास चावून घेतले. मी खोटा चिंधू पाठवू?"

त्यांनी खरं तेच लिहिलं. इथं तो ताप नाही, मी साधा क्लार्क आहे. फोटो मात्र सोबत ठेवला, बाईला हसू यावं म्हणून.

आणि पत्रांचं पाकीट आलं! चिंधू तोवर बरा झाला होता. आम्ही सगळे ओसरीवर जमलो. मारोतराव मराठी करून वाचू लागले. आई, मी खुशाल आहे. जेवण झकास. गाय व्याली का? लोकरीचे मोजे पाठव. दुसऱ्यात तेच, तिसऱ्यातही तेच. तारखा ऐन तापाच्या, पण ना डास, ना ताप.

मारोतरावांनी चष्मा काढला. "इतकी वर्षं लिहून राहिलो, अन् हाती काय? मोजे!"

"मंग काय लिहीन जी तो?" अंजनाबाई म्हणाली. "याले विचारा. कावीळ झाली तवा मायले चिठ्ठी धाडली, तब्येत टाईट आहे, वजन वाढलं!"

"खरं लिहू काय?" चिंधू भडकला. "माय साकोलीहून पायी येईन, अन् कान धरून घरी नेईन!"

सगळे हसले. मारोतराव हसले नाहीत. त्यांनी चष्मा परत चढवला आणि पहिलं पत्र पुन्हा वाचलं, हळूहळू.

"क्यूबात तर उकाडा असते," ते म्हणाले. "तिथं लोकरीचे मोजे कशाले?"

अंजनाबाईनं पदर तोंडाला लावला.

"हिव भरलं असन जी पोराले."