पडावावरचा जावई

माझी भाची, दादाची मुलगी, नर्स होऊन रत्नागिरीला गेली आणि तिथलाच मुलगा तिने पसंत केला. मुलाच्या वडिलांनी रीतसर फोन केला. सौंदडला दादाच्या ओसरीवर आम्ही घरची सगळी त्या फोनभोवती बसलो होतो.

"आमचा स्वतःचा पडाव आहे," ते अभिमानाने म्हणाले. "पावसाळा सोडला तर मुलगा पडावावरच असतो."

फोन ठेवताना दादाचा चेहरा उतरला. आमच्या तांदळाच्या मुलखात, गोंदियाकडे, पडाव म्हणजे तळ, मुक्काम. कचारगडच्या यात्रेतली माणसं रस्त्याकडेला चुली मांडतात तो पडाव. मेंढरंवाले शेतात उतरतात तोही पडाव.

"पोट्टी तंबूत नांदणार काय?" दादा म्हणाला. "आन् पावसाळ्यात कोठी जातेत हे लोक?"

वहिनीने डोळ्यांना पदर लावला. नर्स केलेली मुलगी पालात राहणार, आणि तेही स्वतःच्या हौसेने! मग सगळे माझ्याकडे वळले. सालेकशाच्या शाळेत मी जन्मभर मराठी शिकवली, त्यामुळे घरात भाषेची सगळी जबाबदारी माझी. आजवर ती लग्नपत्रिकेपुरती होती.

"तू सांग मंग," दादा म्हणाला. "पडाव म्हणजे काय?"

"तेच, जे तुला वाटतं," मी म्हणाले. "पण तंबूतला माणूस इतक्या रुबाबात बोलत नाही. पोरीलाच विचार."

भाचीला फोन लावला. आधी बराच वेळ नुसतं हसणंच ऐकू आलं.

"बाबा, पडाव म्हणजे शिडाची बोट. मासे धरतात, माल नेतात."

"मंग सरळ होडी काऊन नाही म्हनत?"

"होडी लहान असते. आपल्या पडावाला कोणी होडी म्हटलं तर सासऱ्यांना राग येतो."

'आपल्या' आणि 'सासऱ्यांना' हे दोन शब्द ऐकून दादाने वहिनीकडे पाहिलं. लग्न ठरल्यातच जमा होतं, फक्त आम्हाला कळवायचं राहिलं होतं.

त्या संध्याकाळी मी शब्दकोश काढला. पडाव दोन निघाले. एक आपला, 'पडणे'वरून आलेला, जमिनीवरचा. दुसरा शिडाचा, आणि त्याचे भाऊबंद दक्षिणेत असावेत: तमिळात पडगु, कानडीत हडगु. आवाज सारखा, पण रक्ताचं नातं नाही. दादाला सांगितलं, तर तो म्हणाला, "म्हणजे व्याही मदरासी हायेत काय?"

माझ्या शाळेतल्या एका गोंड सहकाऱ्यांना मी ही गंमत सांगितली. ते मिस्कील हसले. "बाई, आमची गोंडी तमिळ-कानडीच्याच घराण्यातली. म्हणजे तुमचे व्याही आमचे सोयरे झाले. लग्नात मान द्या आम्हाले."

मी तसं आमंत्रण दिलं. लग्नात ते पहिल्या पंगतीला बसले, आणि कोकणातल्या व्याह्यांशी त्यांचंच सगळ्यात जास्त जमलं. दोघे माशांवर बोलत राहिले. एक तलावातल्या, एक समुद्रातल्या. दादा लांबून बघत होता. ज्याच्या घरी लग्न, त्यालाच बोलायला विषय नव्हता.

दिवाळीनंतर आम्ही रत्नागिरीला गेलो. पडावाला आता इंजिन आहे, पण पाहुण्यांसाठी व्याह्यांनी मुद्दाम शीड चढवलं. वारा भरला, लाकूड करकरलं, पडाव एका अंगावर कलला. मी बसायची फळी घट्ट धरली, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. दादाने मात्र दोन्ही हातांनी जावयाचा दंड धरला आणि किनारा येईपर्यंत सोडला नाही. जावयानेही वल्ह्यासारखा हात ताठ ठेवला. मला तो मुलगा तिथे पहिल्यांदा आवडला.

परत आल्यावर गावच्या लोकांनी विचारलं, कसे आहेत व्याही?

"मानसं चांगली हायेत," दादा म्हणाला. "समुद्रही ठीकच हाये. पन तांदूळ? आपल्यासारखा नाही."