दुसरीच्या वाट्याचं वचन

माझ्या नाकावर माशी बसलेली मला चालत नाही, हे माहेरी नगरला सगळ्यांना ठाऊक होतं. तंजावूरकरांना ते कळायला नववर्षाची एक सकाळ पुरली.

नवरा टेलिफोन खात्यात. गल्लोगल्ली पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ निघत होते, त्या दिवसांत त्याची इकडे बदली झाली. राजवाड्यामागच्या गल्लीत आम्ही भाड्यानं राहायचो. घरमालक पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच मराठी. माझं मराठी ऐकून ते हसायचे, त्यांचं ऐकून मी. पण ते हिंदू, आम्ही ख्रिस्ती. रविवारी आम्ही तमिळ देवळात, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेला जायचो. बाजारहाट करून मी तमिळ बोलायला शिकले होते, वाचायला मात्र अक्षर येत नव्हतं. म्हणून बायकांच्या बाजूला एका निवृत्त शिक्षिकेजवळ बसायची, त्या मला गाण्याचं पान काढून द्यायच्या. मी त्यांना अम्मा म्हणायची.

अम्मा विधवा. एकुलता एक मुलगा आखातात बांधकामावर गेलेला आणि कित्येक महिन्यांत त्याचा पत्ता नाही. पूर्वी दर रविवारी दुपारी बसस्टँडजवळच्या बूथवर त्याचा फोन यायचा. आता येत नव्हता, तरी उपासना सुटली की अम्मा तिथं जाऊन स्टुलावर बसायच्या. बूथवाला जेवायला निघाला की घरी परतायच्या. हे सगळ्या मंडळीला माहीत होतं. मलाही होतं. नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

त्या डिसेंबरात नवऱ्याला कावीळ झाली आणि ती लिव्हरवर गेली. दवाखान्यात डॉक्टर धड हो म्हणेना, धड नाही म्हणेना. तरी नववर्षाच्या सकाळी मी त्याला वॉर्डबॉयच्या भरवशावर टाकून देवळात धावले. कारण तिथं एक रीत होती. उपासनेनंतर पाळक, म्हणजे तिथले पाद्री, पितळेचं ताट पुढे धरतात, त्यात वचनांच्या छापील चिठ्ठ्या, गुंडाळी केलेल्या. घरटी एक उचलायची. ते त्या घराला वर्षभरासाठी देवानं दिलेलं वचन. उचलली ती उचलली, बदलायची नाही. आमच्या नगरला असलं काही नव्हतं, पण बुडत्याला काडीचा आधार.

मी उचलली आणि वाचायला अम्मांकडे दिली. त्यांनी हळूच सांगितलं, धीर धरून देवाची वाट पाहायचं वचन आहे.

झालं! माझं डोकंच फिरलं. तिकडे माणूस हळदीसारखा पिवळा पडलाय आणि देव म्हणतो वाट पाहा! "कशाची वाट पाहू? तिरडीची?" मी आधी मराठीत ओरडले आणि मग, कुणाला कळलं नसेल तर म्हणून, तमिळमध्ये ओरडले. पाळकांच्या हातातलं ताट हललं. चिठ्ठी परत ताटात भिरकावणार, तेवढ्यात अम्मांनी माझं मनगट धरलं. त्यांनी आपली चिठ्ठी उघडली, वाचली, क्षणभर तिच्याकडे बघत राहिल्या. मग माझ्या हातात कोंबली.

"हे घे मा. बरं करण्याचं वचन आहे. हे तुझं."

माझी चिठ्ठी त्यांनी घेतली. मी 'नको' म्हणाले नाही. साधे आभारसुद्धा मानले नाहीत. मूठ आवळली आणि पळाले, दवाखान्यात नवऱ्याच्या उशीखाली ती सारली.

नवरा वाचला. महिनाभरानं घरी आला, वर जेवणाला नावंही ठेवायला लागला.

आणि मला अम्मांकडे बघवेना. मी माझी जागा बदलली, मागे दाराशी बसायला लागले, शेवटचा आशीर्वाद व्हायच्या आत चपला पायात. त्या बाईच्या मुलाचं येणं मी गिळलं, असं मनानं घेतलं होतं. लहानपणी रविवारच्या शाळेत मी धडाधडा म्हणून दाखवायची, कृपा म्हणजे लायकी नसताना मिळालेलं देणं. पाठांतरात पहिली! पण ते देणं असं पोटात दुखतं, हे कुणी शिकवलं नव्हतं.

एका रविवारी अम्मा साक्ष द्यायला, म्हणजे देवाचे उपकार सगळ्यांसमोर सांगायला, उभ्या राहिल्या. वाटलं, आता माझं नाव निघणार. निघालं ते असं, की या बहिणीच्या नवऱ्याला देवानं बरं केलं, त्याचे उपकार. खणखणीत आवाजात म्हणाल्या. आणि उपासना सुटल्यावर छत्री उघडून बूथच्या रस्त्याला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी मी त्यांचं घर गाठलं. दारातच सुरू झाले, "भांडा ना माझ्याशी! तुमचं वचन लाटलं मी. चार शिव्या घाला, म्हणजे मी मोकळी."

"वेडी आहेस," अम्मा म्हणाल्या. "त्या चिठ्ठ्या शिवकाशीला छापतात, फटाक्यांच्या वेष्टनांबरोबर."

"मग बदलून का दिलीत?"

"तुझं तोंड बघवेना म्हणून." मग म्हणाल्या, "आणि वाट तर मी पाहतच होते. कुणीतरी पाहा म्हणालं, बरं वाटलं. जेवलीस का?"

भात, रसम, सुक्या मासळीचं कालवण. मला एकटीला वाढून समोर बसल्या. मी रडत जेवत होते आणि मनात, बघा माझा स्वभाव, हिशेबच चालला होता, की उठल्यावर ताट घासेन, घर झाडेन, काहीतरी करून फिट्टंफाट करेन. पण ताट कुठलं? केळीचं पान होतं. तेच उचलायला गेले, तर अम्मांनी माझा हात बाजूला सारला. आमच्यात मोठ्या माणसानं धाकट्याचं उष्टं काढायचं नसतं. मी "नको, नको" म्हणतेय तोवर त्या गुडघ्यावर हात देत वाकल्या, माझं उष्टं पान दुमडलं आणि बाहेर गाईला घालायला घेऊन गेल्या. मी खरकटा हात धरून तशीच बसून राहिले.