मागच्या सीटवरची खोट

लग्नानंतर मला मौद्याच्या शाळेत नोकरी लागली, ती तात्पुरती. हुडकेश्वर तेव्हा गावच होतं. तिथून हे मला मोटारसायकलवर एसटी स्टँडपर्यंत सोडत आणि पुढे मी सकाळची बस धरत असे. गाडी जुनी, कितव्या मालकाकडून घेतलेली कोण जाणे, पण ह्यांची माझ्यापेक्षा लाडकी. मात्र मी मागे बसले की रस्त्यात कुठेतरी ती गपकन बंद पडायची. मी उतरले आणि ह्यांनी किक मारली की लगेच सुरू. पुन्हा बसले की थोडं पुढे जाऊन पुन्हा बंद. बस चुकायची, शाळेला उशीर व्हायचा. शेवटी मुख्याध्यापिकाबाईंनी स्पष्टच सांगितलं, की असंच चाललं तर पुढच्या सत्रात दुसरी बाई बघावी लागेल.

मेकॅनिकने प्लग बदलला, पॉइंट घासले, कंडेन्सर नवा टाकला. दर वेळी तो स्वतः एक चक्कर मारून यायचा आणि गाडी एकदम फर्स्टक्लास असल्याचं सांगायचा. ह्यांनी मित्राला मागे बसवून सक्करदऱ्यापर्यंत नेलं, तरी ती एकदाही अडली नाही. मला सोडून साऱ्या जगाला वाहून न्यायला ती तयार होती. शेजारणी विचारू लागल्या, की तुझं आणि गाडीचं काही भांडण आहे का. मी हसून वेळ मारून न्यायचे, पण नोकरी जाणार या भीतीने मला जेवण गोड लागत नव्हतं.

एका रविवारी सासरे ओसरीवर पेपर वाचत होते. वर न बघताच म्हणाले, "तू बसली का गाडी मरते. पायगुणच तसा दिसते वं तुहा. राहू दे आता ते नोकरीचं."

माझं डोकंच फिरलं. याच माणसाने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव, उपास, शकुन-अपशकुन सगळं बंद केलं होतं, आणि लग्नाच्या बोलणीतच ते मोठ्या अभिमानाने आम्हाला ऐकवलं होतं. मांजर आडवं गेलं म्हणून थांबणाऱ्याला ते भर रस्त्यात झापायचे. मी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"मामाजी, देव तं तुम्ही घराबाहेर काढले. मग हा पायगुण काहून ठेवला?"

दारात बसलेले हे उठून आत गेले. अशा वेळी ते नेहमीच आत जात. सासऱ्यांनी पेपरची घडी केली, टोपी घातली आणि मुलाला हाक मारून म्हणाले, "गाडी काढ. मी बसतो मांगं." माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, की तू नेमकी कशी बसतेस.

हा प्रश्न तोवर कोणाला सुचलाच नव्हता. मेकॅनिक काय, मित्र काय, सगळे दोन्हीकडे पाय टाकून बसणारे. मी साडी नेसून एका अंगाला, सगळा भार डावीकडे. सासरे धोतर सावरत अगदी तसेच बसले, एक हात मुलाच्या खांद्यावर. सारी गल्ली हातातली कामं टाकून बघत राहिली. नाल्याजवळच्या खड्ड्यात गाडी आदळली आणि बंद पडली. त्यांना इतक्या खुशीत पायी परत येताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मेकॅनिकला घरीच बोलावलं. इंजिन चालू ठेवून सासऱ्यांना पुन्हा तसंच बसवलं, डावीकडे रेलायला सांगितलं, आणि फटफट थांबली. सीट काढली तर डाव्या स्प्रिंगखाली एक वायर दबत होती. वरचं रबर धड, आतली तार तुटलेली. एरवी टोकं एकमेकांना चिकटून असायची, दाब पडला की करंट तुटायचा. मेकॅनिकने स्वतःचे कान पकडले आणि नवी वायर दुसऱ्या बाजूने नेली.

शेजारणी अजून अंगणात उभ्याच होत्या. सासरे त्यांच्याकडे वळून, मलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तार तुटली होती. सुनेच्या पायात काही खोट नव्हती. मी बोललो ते चुकलं."

मला त्या दिवशी त्या म्हाताऱ्याचा फार अभिमान वाटला. सोमवारी आम्ही स्टँडवर पोचलो तेव्हा मौद्याची बस अजून लागायची होती. पुढच्या सत्रात माझ्या वर्गावर मीच होते, आणि त्याच्या पुढच्याही.