मध्यंतरापर्यंतचे आप्पा

माझे वडील सिनेमाचे फार शौकीन होते. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. त्यांनी पुष्कळ सिनेमे पाहिले आणि एकही पूर्ण पाहिला नाही.

त्याचं कारण पाळी. आप्पा धुळ्याकडून सुरतेला आले ते यंत्रमागावर काम करायला. इथे मागाच्या कारखान्याला खातं म्हणतात. आप्पांच्या खात्यात संध्याकाळी साडेसातला पाळी बदलायची. आप्पा कायम रात्रपाळीला असत, आणि त्याच मागांवर दिवसपाळीला त्यांचे एक जोडीदार. माग बंद ठेवायचे नाहीत, हा शेठचा एकमेव धर्म होता. त्यामुळे एकाने यायचं, दुसऱ्याने निघायचं, आणि मधे मागाने श्वासही घ्यायचा नाही.

खात्यापासून दोन गल्ल्यांवर एक टॉकीज होती. इतर शहरांत जुने होऊन गेलेले सिनेमे तिथे नवे म्हणून लागत. खेळ सहाचा आणि मध्यंतर सव्वासातच्या सुमारास. सहा ते सव्वासात आप्पा मोकळे, साडेसातनंतर जोडीदार मोकळे. दोघांनी मिळून एक तिकीट काढायला कधी सुरुवात केली ते मला माहीत नाही, पण मला समजायला लागलं तेव्हा ही पद्धत चांगली रुळलेली होती. मध्यंतराची घंटा झाली की आप्पा अर्धं फाडलेलं तिकीट मुठीत धरून खात्याकडे पळायचे, माग ताब्यात घ्यायचे आणि तिकीट जोडीदाराच्या हातात द्यायचे. मग जोडीदार टॉकीजकडे पळायचे. आप्पा अंगाने भरलेले, जोडीदार काडीसारखे. दारावरचा गुजराती माणूस रोज तेच म्हणायचा, "चा पीवा जाडो गयो, ने पातळो पाछो आव्यो!" आणि आत सोडायचा.

म्हणजे आप्पांकडे सगळ्या सिनेमांचे पूर्वार्ध होते आणि जोडीदारांकडे उत्तरार्ध. या पळापळीत मधली दहा मिनिटं दोघांपैकी कुणीच पाहिलेली नसत.

"अर्धाच बघायचा तर जायचं कशाला?" आई विचारायची.

"तू अर्धी भाकरी खातेस ना? तसंच," आप्पा म्हणायचे.

सुट्टीच्या दिवशी पूर्ण सिनेमा पाहावा, असं त्यांच्या मनात कधी आलं नाही. सुट्टीच्या दिवशी ते झोपत. आठवडाभर जागलेला माणूस जसा झोपेल तसे, तोंड उघडं टाकून, मनापासून.

आज माझी भाचरं फोनवर सिनेमा दीडपट वेगाने पाहतात. गाणी आली की बोटाने ढकलतात. बसमध्ये माझ्या शेजारी बसलेली मुलगी दिंडोलीपासून स्टेशनपर्यंत चाळीस वेगवेगळ्या गाण्यांचं एकेक कडवं ऐकते, आणि तेही इअरफोन न लावता, म्हणजे मीही ऐकते. लोक म्हणतात, नव्या पिढीला काही पूर्ण बघवत नाही. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते आणि पुस्तक शेवटपर्यंत वाचल्याशिवाय परत करू नये अशा मताची आहे. पण असं बोलणं निघालं की मी गप्प बसते. आमच्या घरात हे फार आधी सुरू झालं होतं.

गाण्यांचंही तसंच. हिंदी सिनेमात एकच गाणं दोनदा येतं. आधी बागेत, मग पावसात किंवा रुग्णालयाच्या खिडकीशी, संथ लयीत. आप्पांना फक्त बागेतलं माहीत. त्यांची अशी प्रामाणिक समजूत होती की सिनेमात कुणी दुःखात गात नाही. शिवाय मागांच्या खडखडाटात राहून त्यांनी प्रत्येक गाण्याला मागाचा ठेका दिला होता. अंगाईसुद्धा ते अशा लयीत म्हणत की मूल झोपण्याऐवजी कामाला लागावं.

सकाळी आठला ते नवागामच्या आमच्या गल्लीत सायकलवरून यायचे. बायका नळावर असायच्या. आप्पा दारातल्या दगडावर बसून दात घासत मला सिनेमा सांगायचे. माझी शाळा दुपारची होती. मागांमुळे त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून ते ओरडून बोलायचे, आणि म्हणून सिनेमा सगळ्या गल्लीला कळायचा. बादल्या भरून वाहायच्या, तरी कुणी हलायचं नाही.

पूर्वार्ध ते अगदी इमानदारीने सांगत. हिरोइनच्या साडीचं सूत कसलं, तेही सांगत. मध्यंतरानंतर मात्र कथा एकदम सोपी व्हायची. गैरसमज मिटायचे, आंधळ्या आईला दिसायला लागायचं, खलनायकाला पश्चात्ताप व्हायचा, आणि शेवटी सगळे पंगतीला बसायचे. पंगतीत वरण-बट्टी. कथा काश्मीरची असो की मुंबईच्या गुंडांची, शेवटी बट्टीवर तूप पडायचंच.

"त्या गोऱ्या स्मगलरलापण?" नळावरून कुणीतरी विचारायचं.

"त्यालापण. चार खाल्ल्या त्यानं!"

मी चौदा वर्षांची असताना एका मैत्रिणीच्या घरी केबलवर एक सिनेमा पूर्ण पाहिला. आप्पांनी तो आधीच सांगितलेला होता. त्यांच्या सांगण्याप्रमाणे हिरोला कोर्टाने सोडलं होतं आणि जज्जसाहेबही जेवायला थांबले होते. केबलवर मात्र हिरोने मध्यंतरानंतर लगेच ठेकेदाराचा खून केला आणि शेवटी त्याला फाशी झाली.

दुसऱ्या दिवशी मी नळासमोर, सगळ्यांच्या देखत, निबंध वाचल्यासारखी बोलले. "आप्पा, तुम्ही सांगितलं ते चूक आहे. त्यानेच खून केला. तो मेला. जेवणबिवण काही नाही."

आप्पांनी ब्रश तोंडातून काढला. "असं का?" म्हणाले, आणि आत जाऊन झोपले.

त्यानंतर त्यांनी सिनेमा सांगणं बंद केलं. निदान माझ्या आठवणीत तरी असंच आहे: मी बोलले आणि ते थांबले. मी वाचणारी बाई, त्यामुळे या दोन वाक्यांवर मी मनात भलीमोठी कादंबरी रचली. एका अशिक्षित बापाला शाळेतल्या मुलीने कसं गप्प केलं, वगैरे. विचारायचं कित्येकदा ठरवलं. पण आप्पांना विचारायचं म्हणजे ओरडून विचारायचं, आणि अशा गोष्टी ओरडून विचारता येत नाहीत.

या थंडीत आप्पा गेले.

नवव्या दिवशी भेटायला येणाऱ्यांत एक काडीसारखे म्हातारे आले. हातात पिशवी, डोक्याला मफलर. आईने ओळखलं. ते आप्पांचे जोडीदार होते. खातं शहराबाहेर सचिन गावाला हललं तेव्हा तेही तिकडेच राहायला गेले होते. इतकी वर्षं आम्ही त्यांच्याबद्दल ऐकत होतो, पण त्यांना नीट पाहिलं नव्हतं. पाळीमुळे आप्पा आणि ते एका वेळी एका जागी पाच मिनिटांपेक्षा जास्त कधी नसतच.

ते सतरंजीवर बसले. चहा घेतला. आप्पांबद्दल दोन शब्द बोलले, आई थोडी रडली. मग ते माझ्याकडे वळले.

"तूच ती पुस्तकवाली ना? माय, माले इतलंच सांग. त्या हिरोनं खून केला का नही?"

वहिनीला वाटलं, म्हाताऱ्याला भ्रम झालाय. तिने पाण्याचा पेला पुढे केला.

"पाणी नको," ते ओरडून म्हणाले. त्यांनाही ऐकू येत नव्हतं. त्यांची अहिराणी मी इथे थोडी सौम्य करून लिहिते. "मी आत शिरलो तेव्हा हिरो हौदावर हात धूत होता. बाई ओट्यावर बसून रडत होती. मग पोलीस, कोर्ट, फाशी. तो काहीच बोलला नाही. माझं म्हणणं, त्यानं केला नाही. खात्यात मी पैज लावून भांडलो. पण आधीचं मला काय माहीत? तुझ्या बापाला विचारलं."

"आप्पांनी काय सांगितलं?"

त्यांनी उजवा पंजा वर करून मनगटातून दोनदा फिरवला. मागांच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून खात्यात सगळे हातांनीच बोलतात. पंजा फिरवला की 'नाही'.

"पण आप्पांनी तरी ते कुठे पाहिलं होतं?" मी म्हणाले. "आणि शेवट तर त्यांना ठाऊकच नव्हता."

"ठाऊक नव्हता कसा? मी रोज सकाळी सांगायचो ना!" त्यांनी मान तिरकी केली, जीभ बाहेर काढली आणि डोळे पांढरे केले. आई दचकली. नऊ दिवसांच्या सुतकाच्या घरात असं कुणी करत नाही. "असं केलं की तुझा बाप तोंड फिरवायचा. म्हणायचा, हे घरी नाही चालणार."

म्हणजे त्यांना सगळे शेवट माहीत होते.

मी चहाचा कप खाली ठेवला. "काका, मी एकदा त्यांना सगळ्यांसमोर खोटं पाडलं होतं. त्यानंतर त्यांनी सिनेमा सांगणं सोडून दिलं."

"सोडेल नाही तर काय करेल? टॉकीजच पाडली ना! तिथं साड्यांचं मार्केट झालं."

टॉकीज पाडली हे मलाही माहीत होतं. माझ्या कादंबरीत तिला जागा मिळाली नव्हती, एवढंच.

"तू बोललीस ते सांगितलं त्यानं मला," काका पुढे म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी. मला म्हणे, 'मनी पोरनी अख्खा पाहेल शे. आते तिलेच इचार, ती सांगी.' मग टॉकीज गेली, मी सचिनला गेलो. राहिलं ते राहिलं."

वहिनीने फोन उचलला. "काका, नाव सांगा ना. आत्ता काढते, अख्खा बघून टाकू."

"नाव सुरुवातीला येतं बेटा. सुरुवातीला मी कुठे होतो?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. नाव माझ्या जिभेवर होतं. मध्यंतरानंतरची ती दहा मिनिटंही मला स्वच्छ आठवत होती: पावसातला बंगला, कोयता, ठेकेदाराची पडलेली चप्पल.

"नाव आता आठवत नाही," मी म्हणाले.

आईने माझ्याकडे रोखून पाहिलं. कोणतं पुस्तक कोणत्या फळीवर आहे ते मी झोपेतही सांगते, हे तिला माहीत आहे.

"पण गोष्ट आठवते," मी म्हणाले आणि सुरुवात केली. काकांना ऐकू यावं म्हणून ओरडून सांगावं लागलं. साडीच्या सुतापर्यंत सगळं सांगितलं. नळ आता घराघरांत आलेत, तरी खिडकीत दोन-तीन डोकी दिसू लागली. मी हिरोला दात-ओठ खात ठेकेदाराच्या घराकडे पाठवलं आणि थांबले. "मध्यंतर."

"मग?" काका पुढे सरकले.

"मग वाटेत बहिणीचं घर लागलं."

"बरं."

"ती म्हणाली, आधी जेवून जा, मग काय करायचं ते कर."

"मग?"

"वरण-बट्टी होती."

काकांचे डोळे बारीक झाले. कुणी हसलं नाही. तेवढ्यात आईचा आवाज आला. "बट्टी म्हटली की तूप आलंच. हात धुवायलाच लागणार."

"आणि ती बाई? ती का रडत होती?"

याचा मी विचार केला नव्हता. आईने केला होता. "कांदा चिरला असेल. बाई जरा रडली की तुम्हाला सिनेमाच दिसतो."

काकांनी सतरंजीची किनार चाचपली. मग म्हणाले, "म्हणजे त्याला फुकटच फाशी दिली."

"फुकटच," मी म्हणाले.

"तरी तुझा बाप तेच म्हणायचा." त्यांनी मफलर गुंडाळला. दारात चपला घालता घालता ते एक गाणं गुणगुणायला लागले. त्याच सिनेमातलं, पण संथ, रडकं. मी ते गाणं आप्पांकडून शेकडो वेळा मागाच्या ठेक्यात ऐकलं होतं. इतकं दुःखाचं असेल असं कधी वाटलं नव्हतं.

सुतक फिटलं त्या दिवशी, गंधमुक्तीच्या जेवणाला, काका सचिनहून पुन्हा आले. मांडवात गर्दी होती, आणि शेजारच्या लग्नघरातला डीजे आमच्या दुःखाची फार पर्वा करत नव्हता. जेवायला वरण-बट्टी होती. वहिनीने आचाऱ्याला तूप कमी घालू नको म्हणून दोनदा बजावलं होतं. जेवण झाल्यावर काका पिंपाशी हात धुवायला गेले. मी मांडवाच्या या टोकाला ताटं गोळा करत होते. त्यांनी मला पाहिलं. इतक्या आवाजात बोलून उपयोग नव्हता. त्यांनी तुपाने चकाकणारे दोन्ही पंजे वर करून मला दाखवले, आणि मग उजवा पंजा मनगटातून दोनदा फिरवला.