कानबाईचं दळण आणि अभिमनची गिटार

अभिमन माझा धाकटा भाऊ. सख्खा. अख्ख्या धुळ्यात इलेक्ट्रिक गिटार पहिली वाजली ती आमच्या घरात, आणि वाजवणारा तो. कोणी दुसरं नाव सांगत असेल तर त्याला माझ्यासमोर उभा करा. सातवीपर्यंतच शिकलोय मी, पण खोटं बोलत नाही.

गिटार त्यानं मुंबईहून जुनी आणली. आवाज मोठा करायचं खोकं मात्र नूर महंमद रेडिओवाल्यानं जुन्या सामानातून जोडून दिलं, तेही इतकं नाजूक की जागेवरून हलवलं तर आतले टाके सुटायचे. त्या खोक्याला एक रोग होता. बटण दाबलं की घूंऽऽऽ. वाजवा, नका वाजवू, घूंऽऽऽ. अभिमननं काय नाही केलं! सिगारेटच्या पाकिटातली चांदी गोळा करून गिटारच्या पोटात चिकटवली. अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपाला बांधली. ट्यूबलाइट काढून कंदील लावला. अर्धा रोग गेला. उरला तो शेजारच्या पुनाच्या पिठाच्या गिरणीचा. भिंतीला भिंत, वरची विजेची लाइन एकच. गिरणीची मोटर फिरली की खोकं असं घरघरायचं की सूर जागच्या जागी मरायचा. म्हणून गिरणी बंद असली तरच तो वाजवायला बसायचा.

चौऱ्याहत्तरचा श्रावण. जळगावचा ऑर्केस्ट्रावाला अभयकुमार धुळ्यात आलेला. शनिवारी संध्याकाळी सहाला घरी येऊन ऐकतो म्हणाला, लगेच परतीची गाडी. वडिलांनी सांगून ठेवलं होतं, "त्यानं घेतलं तर जा बापा. नाहीतर रविवारी तुझा मामा येतोय, शिंदखेड्याला कापसाच्या जिनिंगमध्ये लाग त्याच्यासोबत. ते लाकूड मग माळ्यावर."

शनिवारी सकाळी अभिमन दात घासायला ओट्यावर आला आणि तिथंच बसला. दुसऱ्या दिवशी कानबाईचा सण! ऑर्केस्ट्राच्या नादात घरात कोणाच्या ध्यानात सण राहिला नव्हता. कानबाई म्हणजे आमची खानदेशची देवी. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी, जाड पोळ्यांसाठी, घरात जितके पुरुष तितक्यांच्या नावानं गहू मोजतात, दळतात, आणि ते पीठ भावकीतच संपवतात. गिरणी धुऊन पुसून फुलं वाहिलेली, आणि बठ्ठी, म्हणजे अख्खी गल्ली गव्हाच्या पाट्या घेऊन पुनाच्या दारात.

तो तसाच धावला. "पुना नाना, सहाला अर्धा तास बंद ठेव. पाया पडतो."

"मना पाया पडीसन काय व्हई? कानबाईनं दळण शे भो. गिरणी फिरायले लागनी की मधमा थांबाडतस नही."

ओळीत मंजुळाबाई होती, आमची चुलती. तोंडाची तिखट. "काय रे अभिमन, तुना डबा म्हैसवानी हंबरस. तिले आधी चारा टाक!"

बायका खो खो हसल्या. त्याला हसू येईना. पाट्या मोजण्यात अर्थ नव्हता, अंधार पडेपर्यंत ती ओळ संपणार नव्हती.

"काकू, यात तुमचं दळण किती?"

"अर्धी ओळ मनीच शे! दीर, पोरं, नातू, कोणाना गहू सोडू?"

"मी दळतो. जात्यावर. मग तर गिरणी सहाच्या आत बंद होईल ना, नाना?"

पुनानं मान डोलावली. हसणं थांबलं. बाप्यानं जात्यावर बसायचं? मंजुळाबाईनं त्याला खालून वर पाहिलं. "आंघोळ करीसन बस. उपाशी. आनि माणूस बदलाना नही. जो खुटा धरी, तोच संपाडी. जमी?"

"जमेल."

भावकीतला होता म्हणून तिनं दिलं. तो बसला. मी शंभर किलोचं पोतं पाठीवर टाकून जिना चढणारा माणूस, पण मला खुंट्याला शिवू देईना. उजवा हात भरून आला की डावा, डावा भरला की उजवा. दुपारी तळहाताला फोड आले. आई ताकाचा पेला घेऊन दारापर्यंत आली आणि तशीच मागं गेली. गव्हाची रास जाग्यावरून हलतच नव्हती. एकदा त्यानं जात्यावर डोकं टेकलं, मला वाटलं सोडलं यानं. पुन्हा खुंटा धरला. फोड फुटले, तेव्हा खुंट्याला फडकं गुंडाळलं, पिठाला डाग नको म्हणून. शेवटची मूठ घातली तेव्हा ऊन कौलांवर गेलं होतं.

आणि पुनाची गिरणी थांबली.

अभयकुमार वेळेवर आला. खुर्चीत बसला, चहा नको म्हणाला. अभिमननं बटण दाबलं. खोकं गप्प! असं गप्प मी कधी ऐकलं नव्हतं. पहिली ओळ त्यानं अशी काढली की माझ्या अंगावर काटा आला. दुसऱ्या ओळीला बोटं वाकेनात. तार दाबायची तिथं निसटली, परत धरली, परत निसटली. त्यानं ओठ चावून सुरुवातीपासून घेतलं. तिथंच अडकला.

अभयकुमार उठला. "आवाज एकदम साफ आहे हो. मशीन छान बसवलंय. पण बोटं कच्ची आहेत. स्टेजवर हे चालत नाही."

मी पुढं झालो. "शेठ, या पोरानं आज सकाळपासून..."

"भाऊ, गप!" अभिमन ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर.

शेठ गेल्यावर मी म्हटलं, "अरे, सांगू द्यायचं होतं मला."

"काय सांगणार होता? गहू दळून आलाय, दया करा? त्यानं गिटार ऐकली, भाऊ. गिटार तशीच वाजली." मग भिंतीकडं तोंड करून बसला. आईनं हळद गरम करून आणली तर हात पुढं करेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी कानबाई मांडली. आईनं पुरुषांचे पाट टाकले आणि अभिमनला हाक मारली. खोली रिकामी. खोकं जागेवर, गिटार नाही. तेवढ्यात पुना नारळ घेऊन आला. "धाकला जळगावनी गाडीमा बसना ना भो. दोन्ही हातले फडकं बांधेल व्हतं. मी इचारं, कोठे? म्हणे, हात बरा व्हतीन तवलोंग ऑर्केस्ट्रावालासनं सामान उचलसू, मंग परत आयका म्हणसू."

मामा दारात पिशवी घेऊन उभाच होता. आईनं अभिमनचा पाट उचलायला हात घातला, तो मी धरला. म्हटलं, राहू दे, आणि मामाला त्या रिकाम्या पाटाशेजारी बसवला.