धाकटीच्या वाट्याचे किरण

गूळ आणि मक्याचे पीठ शिजवून निवले, त्यात यीस्ट मुरू लागले, की जो आंबूस, कोवळा गंध सुटतो, तो त्या हिवाळ्यात माझ्या पदरात, केसांत, अगदी उशीच्या अभ्र्यातही उतरला होता. पूर्वेला युद्ध पेटलेले, जबलपूरच्या खिडक्यांच्या काचांवर काळे कागद चिकटलेले, आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत, कापसाच्या बोळ्यांनी तोंडे मिटलेल्या बाटल्यांतून माझ्या फळमाश्या त्याच खाद्यावर आपले इवलेसे आयुष्य घाईघाईने जगत होत्या. नरांवर क्ष-किरण सोडायचे, निरोगी माद्यांशी त्यांची जोडी लावायची आणि पुढच्या पिढीचे डोळे, पंख, पाय भिंगाखाली न्याहाळायचे, हेच माझे एम.एस्सी.चे काम.

माझे बाबाही किरणांपाशीच राबत. तोफगोळ्यांच्या कारखान्यात, ओतीव पोलादाच्या पोटात कुठे चीर राहिली आहे का, हे ते क्ष-किरणांच्या फिल्मवर पाहत. युद्धाने पाळ्या लांबल्या होत्या. बाबा घरी येत ते थकव्याने करडे होऊन.

अशाच एका दुपारी, मटारच्या ओल्या सालींचा हिरवा वास महाराजपुरातल्या आमच्या घरभर पसरलेला असताना, मला पाहायला पाहुणे आले. मुलाच्या आईने चहाचा कप खाली ठेवला आणि फार मृदू स्वरात विचारले, "भाऊजी, तुम्ही त्या किरणांच्या खोलीत असता म्हणे. लोक काहीबाही बोलून राहिले. पोरीला पुढे मुलंबाळं नीट होतील ना?"

"नाही जी, तसं काही नाही," बाबा गडबडीने म्हणाले. "हिच्या जन्माच्या वेळी मी साध्या खात्यात होतो. त्या खोलीत गेलो ते नंतर."

"अच्छा. म्हणजे ती धाकटी नंतरची."

सगळ्यांच्या नजरा वळल्या. दारात पोह्यांच्या बश्या घेऊन माझी बहीण कुसुम उभी होती. आपण काय बोलून बसलो ते बाबांना त्याच क्षणी उमगले असावे. त्यांची मान जी खाली गेली ती पाहुणे निघेपर्यंत वर आली नाही. आईने कुसुमच्या हातातल्या बश्या घेतल्या.

पाहुण्यांचा होकार आला. मी नकार कळवला. पण त्या नकाराने कुसुमचे काय भरून येणार होते? ती बाबांच्या पंगतीला बसेनाशी झाली. एका संध्याकाळी ती आपणहून प्रयोगशाळेत आली, कितीतरी वेळ भिंगातून पाहत राहिली आणि म्हणाली, "ताई, खरं सांग. किरण लागले की काय होतं?"

मी सांगितले. पेशीतले आनुवंशिकतेचे नाजूक धागे तुटतात. पेशी ते पुन्हा जोडू पाहते. पण नराच्या परिपक्व बीजात तेवढेही बळ उरलेले नसते. ते मोडके धागे घेऊन बीज मादीच्या अंड्यात शिरते, आणि मग अंड्यातली द्रव्ये त्यांची दुरुस्ती करतात.

"म्हणजे माझं आईनं जोडलं असेल?"

"बहुतेक," मी म्हणाले.

शास्त्राला तोच शब्द शोभतो. पण तिचा चेहरा विझताना पाहिला आणि आपल्या त्या खरेपणाची मला विलक्षण लाज वाटली.

काही वर्षांनी कुसुमचे लग्न झाले, पनागरला. तिथल्या मंडळींना तिने स्वतःच, आधीच, सगळे सांगून टाकले होते. मुलीच्या बारशाला आम्ही गेलो तेव्हा उन्हे कलली होती, ओसरीवर धुपाचा निळसर धूर रेंगाळत होता. कुसुमने बाळ बाबांच्या मांडीवर दिले. बाबांनी दुपट्याची घडी हलकेच उलगडली. बाळाची बोटे, पापण्या, तळपाय... त्यांची नजर एकेका अवयवावरून भीत भीत सरकत होती.

"बघून झालं, बाबा?" कुसुम म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मग आता जवळ घ्या ना तिला."

बाबांनी बाळाला छातीशी धरले आणि डोळे मिटून घेतले. मी मात्र कुसुमकडे पाहू शकले नाही. कारण बाबांच्या खांद्यामागून, श्वास रोखून, मीही तेच पाहत होते, आणि तिने ते केव्हाच ओळखले होते.